हाय का?

१३ जानेवारी १९८०, रविवार

कंपनीच्या स्टोअरकीपरला दोन डायऱ्या मिळाल्या होत्या, त्यातली ही त्याने मला दिली. श्यामसुंदरशेठ म्हणाले, "तू मॅट्रिक ना? मग कुठल्या गावात कुठल्या डावाने हरलात ते लिहून ठेव. तिथंच परत तसाच डाव दाखवला तर पब्लिक शहाणं होतं." म्हणून लिहायला बसलो.

शेठचा पनवेलला मंडपाचा धंदा आहे. आता ते फ्री स्टाईल कुस्त्या लावणार आहेत. गंगारामसारखे चांगले दिसणारे पैलवान त्यांच्याकडे तीन आहेत, पण दुष्ट व्हायला कोणी तयार होईना. गावात फिरताना शिव्या कोण खाणार? मी आणि हारुन तयार झालो. दोघं तळोज्याच्या कारखान्यात पिंपं चढवतो, अंगात ताकद आहे, आणि तोंडावर काळा मुखवटा असणार म्हणजे ओळखणार तरी कोण.

नावं ठरली यमदूत नंबर एक आणि यमदूत नंबर दोन. हारुन एक, मी दोन. मलाही एक व्हायचं होतं, पण बोललो नाही. त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझी बायको वेणू दीड वर्ष राहतोय. अठ्ठ्याहत्तरला परभणीकडे आमच्या वस्तीतली घरं जाळली, तेव्हा एका गाठोड्यानिशी इकडे आलो. कारखान्याच्या फाटकावर हारुनने नाव विचारलं, गाव विचारलं, पुढचं काही विचारलं नाही. "नावड्याला खोली हाय, चल," म्हणाला.

२० जानेवारी १९८०, रविवार

हारुनच्या घरामागे पेंढा टाकून सराव केला. कुस्ती नुरा असते, कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. पण पडणं खरंच असतं. 'पोतं' हा डाव आम्हीच काढला. समोरच्याला डोक्यावर उचलायचं आणि कारखान्यात पोतं टाकतो तसं पाठीवर टाकायचं. टाकणाऱ्याचं काही जात नाही. पडणाऱ्याने हनुवटी छातीला चिकटवायची, श्वास धरायचा आणि दोन्ही हात आपटायचे. जरा गाफील राहिला तर मान जाईल.

म्हणून हारुनने नियम घातला, विचारल्याशिवाय उचलायचं नाही. उचलणाऱ्याने कानाशी "हाय का?" म्हणायचं. पडणारा तयार असेल तर "हाय" म्हणेल. नसेल तर गप्प राहील. गप्प राहिला की डाव बदलायचा, पोत्याऐवजी 'चादर' घ्यायची, म्हणजे कमरेवरून हळू लोळवायचं.

मी म्हटलं, लोकांना ऐकू गेलं तर? हारुन हसला. "आयकला तरी काय? मार खानारा मानूस हाय हाय करनारच."

३ फेब्रुवारी १९८०, रविवार

पनवेल. पहिली कुस्ती. हरलो. गंगारामने मला गुंडाळून चीत केलं.

त्याआधी पंधरा मिनिटं आम्ही जे काही केलं ते लिहायला मजा वाटते. रेफ्री देवजीची पाठ वळली की दोघांनी मिळून एकाला मारायचं. डोळ्यांत राख टाकायची. दोरीशी उभ्या जोडीदाराला हात दिल्याशिवाय आत यायचं नसतं, पण आम्ही दिसायला सारखेच, त्यामुळे हात न देताच अदलाबदल करायचो. लोक बेभान झाले. सात चपला आल्या. हारुनने त्या गोळा केल्या आणि कपडे बदलताना जोड लावत बसला. एकही जोड लागला नाही. "पुढच्या खेळाला उरनची लोका पन नेम धरून दुसऱ्या पायातली टाकतील, तवा जमल," म्हणाला. हसून हसून पोट दुखलं.

घरी येताना वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा हजार माणसांनी मला शिव्या घातल्या आणि त्यातली एकही माझ्या जातीवरून नव्हती.

१८ मे १९८०, रविवार

पेण. हरलो. आज हारुन पडला, माझ्या चुकीमुळे, म्हणजे ठरवून केलेल्या चुकीमुळे.

मुखवटे भाभीने, म्हणजे हारुनच्या फातिमाने, जुन्या छत्रीच्या कापडाचे शिवले होते, आत भट्टी व्हायची. आता मलमलचं अस्तर लावलंय. आम्ही दोरी ओलांडून बाहेर येत होतो तेव्हा एक म्हातारी आडवी आली. तिला खरंच वाटत होतं की आम्ही गंगारामचा डोळा फोडला. रडत रडत म्हणाली, "मेल्यांनो, त्या लेकराची हाय लागेल तुम्हाला." हारुनने तिला वाकून नमस्कार केला आणि मला हळूच म्हणाला, "हाय तर आपलीच हाय. ती आनि काय लागायची?"

वेणूला हे सांगितलं तर ती हसली नाही.

२ नोव्हेंबर १९८०, रविवार

मुंबईत शो झाला. पोस्टरवर आमचे मुखवटे सगळ्यात मोठे छापले होते, गंगाराम खाली कोपऱ्यात. पब्लिक त्याच्यासाठी नाही, आम्हाला मार खाताना बघायला येतं, असं शेठ म्हणाले. खरं आहे. आम्ही उतरलो की मैदान उठून उभं राहतं.

दोघांनी कारखान्याची नोकरी सोडली. वेणू दोन दिवस बोलत नव्हती, पण आज जिलेबी आणली तेव्हा घेतली. नाक्यावर दोन पोरं यमदूत एक आणि दोन खेळत होती. नंबर दोन व्हायला कोणी तयार नव्हतं. मनाला लागलं, उगाच.

२० सप्टेंबर १९८१, रविवार

डायरी ऐंशीची, पण पानं पुष्कळ उरलीत. वार खोडून लिहितो.

नाशिक. हरलो. गंगारामने हारुनला दोरीवरून बाहेर फेकायचं ठरलं होतं, खाली गादी होती. मंडपवाल्यांनी गादी हातभर लांब टाकली होती. हारुन मानेवर पडला. उठायला त्याला वेळ लागला. लोकांना ते फार आवडलं.

जीपमध्ये विचारलं, लागलं का? "बरा हाय," म्हणाला. मग पनवेलपर्यंत डोळे मिटून बसला.

६ डिसेंबर १९८१, रविवार

हारुनला झालंय काय कळत नाही. कुस्तीत शिरला की दोन मिनिटांत माझ्याकडे हात मागतो. सगळा मार मी खायचा आणि नंबर एक हा. गळ्याला दिवसभर मफलर. आज चहाचा पेला डाव्या हातातून सुटला, तर म्हणे पेला ओला होता. भाभी त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. नवीन लग्न झाल्यासारखे लाड चाललेत, असं मी म्हटलं. भाभी आत निघून गेली. थट्टासुद्धा सहन होत नाही आता यांना.

१४ फेब्रुवारी १९८२, रविवार

शेठनी एकट्याला बोलावलं. म्हणाले, "भगवान, पब्लिकला नवीन पाहिजे. जोडी फोडू. भर कुस्तीत एक यमदूत दुसऱ्याला सोडून देतो, मुखवटा काढतो, आणि बाहेर येतो एकदम चांगला माणूस. कोण पाहिजे तो? तूच. तुझं नावच बघ. नुसतं भगवान. पुढं आडनाव लावायचं नाही, टेन्शनच नको."

मी विचारलं, आणि हारुन?

"त्याचा मुखवटा तू फाडायचा. त्याचंपण नाव पुकारायचं. बाकी पब्लिक बघून घेईल."

मला ते पटलं नाही. तसं म्हणालोसुद्धा. शेठ हसले. "तू त्याची काळजी करतोस, तो तुझी करतो काय? तो कुवेतला चाललाय. त्याच्या सगळ्या नातेवाइकांनी तेच केलंय. तुला सांगितलं नसेल."

मी म्हणालो, हारुन मला न सांगता जाणार नाही.

२१ फेब्रुवारी १९८२, रविवार

सकाळी हारुन घरी नव्हता. भाभीला विचारलं. ती भांडी घासत होती, वर न बघता म्हणाली, "पनवेलला गेलेत. फोटो काढायला."

म्हणजे शेठ खरं बोलले. पासपोर्टला फोटो लागतो. हारुन दुपारी आला, हातात मोठा खाकी लिफाफा. मला बघून लिफाफा पाठीमागे धरला. मी काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. ज्या माणसाने मला घर दिलं तोच मला असं टाकून जाणार असेल, तर मी एकट्यानेच का म्हणून चांगलं राहायचं?

शेठना हो म्हणून कळवलं.

२८ मार्च १९८२, रविवार

आम्हा दोघांना समोरासमोर बसवून शेठनी सगळं समजावलं. हारुन भांडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "भगवान मोठा व्हनार असल तर बरा हाय."

बाहेर आल्यावर माझ्याबरोबर चालत राहिला. "शेवटाला पोता नको रे. चादर घे. मना तुला सांगायचा होता..."

मी त्याला तिथंच तोडलं. माझी पहिली कुस्ती चांगला माणूस म्हणून, आणि शेवटी मी त्याला चादरीसारखं लोळवायचं? लोक हसतील. मी म्हटलं, तुला जायचंच आहे तर जा, जाताना माझं वाटोळं करू नकोस. तो मग म्हणाला, "बरा. पन इचारून पाड."

वेणूला सांगितलं. ती म्हणाली, "पाडायचंच का पण? त्यांनी आपल्याला छप्पर दिलं, इसरले का?" मी म्हटलं ही कुस्ती आहे, यात छपराचा काय संबंध. ती म्हणाली, "हारुनभाऊंचा हात बगितला का तुमी? दोर वळायला घेतला की थरथरतो." बायकांना कुस्तीतलं काय कळतं.

२५ एप्रिल १९८२, रविवार

बेलापूर. जिंकलो.

२६ एप्रिल १९८२, सोमवार

काल एवढंच लिहून डायरी मिटली. आज सगळं क्रमाने लिहितो.

नव्या सरकारी इमारतींच्या मागचं मैदान होतं, ऊन उतरलेलं. एवढी गर्दी आजवर पाहिली नाही. ठरल्याप्रमाणे गंगाराम हारुनला मारत होता. हारुन सरपटत माझ्या कोपऱ्याकडे आला आणि त्याने हात पुढे केला. मी हात मागे घेतला. ठरल्याप्रमाणेच. मग मी मुखवटा काढला आणि लाउडस्पीकरवर शेठनी माझं नाव पुकारलं.

सव्वादोन वर्षांत प्रथमच कुस्तीत माझ्या तोंडावर वारा लागला. लोक माझं नाव घेत होते. हजारो लोक, माझं नाव. मला रडू येत होतं.

हारुनचा मुखवटा फाडला. त्याचं नाव पुकारलं गेलं. आजवर शिव्या दोघांना मिळायच्या. काल एकट्या त्याला मिळाल्या आणि त्या वेगळ्या होत्या. त्या इथे लिहीत नाही. तो एकदा लोकांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. मुखवट्याशिवाय तो फार लहान दिसला.

लोक ओरडत होते, उचल, उचल. मी त्याला पकडलं. हारुन "हाय" म्हणाला, आणि मी उचलून पोतं टाकलं.

त्याने हात आपटले नाहीत. देवजीने तीन आकडे मोजून माझा हात वर केला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून पाहिलं तर गंगाराम हारुनजवळ गुडघे टेकून बसला होता आणि हारुन उठत नव्हता.

त्याला मुंबईच्या इस्पितळात नेलंय.

२ मे १९८२, रविवार

पोलीस विचारायला आले होते. कुस्तीत असं होतं, असं देवजीने सांगितलं. मीही सांगितलं की पाडायच्या आधी एक शब्द म्हणायची आमची पद्धत आहे आणि तो शब्द हारुनने म्हटला होता. त्यांनी लिहून घेतलं.

मानेखाली त्याला काही कळत नाही असं ऐकतो. शेठ म्हणाले, एवढ्यात भेटायला जाऊ नको, भाभी तोंडाला येईल ते बोलेल. गेलो नाही.

९ मे १९८२, रविवार

गंगारामने माझ्याशी कुस्ती करायला नकार दिला. शेठसमोर म्हणाला, "ह्याच्याबरोबर मी उतरणार नाही."

मी म्हटलं, हारुनने हाय म्हटल्यावरच उचललं मी, तू तर दोरीजवळ होतास.

"दोरीजवळच होतो," गंगाराम म्हणाला. "मला एकच आवाज आला."

एकच म्हणजे काय? एवढ्या गोंगाटात त्याला काय ऐकू जाणार. पूर्वी त्याच्यापेक्षा मोठे छापले जायचो, त्याचा राग आहे हा.

३० मे १९८२, रविवार

उरण. पोस्टरवर लिहिलं होतं, यमदूताची मान मोडणारा भगवान. शेठनी मला विचारलं नव्हतं. मीही काढा म्हणालो नाही.

मारोती नावाचा नवा गडी समोर होता. आत शिरल्यापासून लोकांचं एकच चालू होतं, मान मोड, मान मोड. मी त्याला पकडलं तेव्हा त्याने माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि सुटेना. मुखवट्याच्या भोकातून त्याचे डोळे दिसत होते. "इचारा ना भाऊ," म्हणाला. "मला सांगितलंय, तुम्ही इचारता म्हणून."

मला तो शब्द तोंडातून काढता येईना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी त्याला सोडलं आणि दोरीखालून बाहेर आलो. चपला आल्या. या वेळी मुखवटा नव्हता.

६ जून १९८२, रविवार

हारुनला घरी आणलंय. भाभी पाणी भरायला आली तेव्हा मी दारातच होतो, टाळता आलं नाही. म्हटलं, भाभी, कुवेतचं रद्द झालं असेल ना.

"कसला कुवेत?"

म्हटलं, फोटो काढला होता ना त्याने.

ती कळशी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "मानेचा फोटो, भगवानभाऊ. डॉक्टरनी काढायला लावला. नाशिकपासून हात जड पडलेला. डॉक्टर बोलला आता पडायचा नाय. ते बोलले, एक कुस्ती भगवानसाठी करतो, मग सोडतो." मग कळशी उचलली. "तुमाला सांगायला लाजत होते. बोलायचे, भगवानला वाटल मी कामातून गेलो."

खाकी लिफाफा होता. मोठा. पासपोर्टचे फोटो हाताच्या बोटाएवढे असतात. मला हे तेव्हाच दिसायला हवं होतं.

१३ जून १९८२, रविवार

वेणू रोज पलीकडे जाते, भाभीबरोबर हारुनला कुशीवर वळवते. मला एका शब्दाने काही म्हणत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

४ जुलै १९८२, रविवार

आज गेलो. हारुन उताणा, मानेला दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या. त्याला फक्त छत दिसतं. पायांच्या आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"भगवान, बस." आवाज तोच आहे. मी बसलो. मग म्हणाला, "मी रोज तोच हिशोब करतो. माझाच चुकला."

मी विचारलं, काय चुकलं?

"तू पकडलास तवा मान अशी दुखली का तोंडातून हाय निघाली. दुखनाऱ्याची हाय. तुला वाटला मी तयार हाय. लोका एवढी ओरडत व्हती, तू इचारलास ता मना आयकूच आला नाय." थांबला. "इचारलास ना तू?"

मी म्हटलं, "हो. विचारलं."

त्याने डोळे मिटले. चेहरा इतका मोकळा झाला की मला तिथे बसवेना. "मंग झाला. मंग माझाच चुकला. तू मनाला लावून घेऊ नको."

मी विचारलं नव्हतं.

हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहितो. गोंगाट नव्हता कारण. तोंड त्याच्या कानाशीच होतं. लोक माझं नाव घेत होते आणि मला वाटलं, विचारलं आणि हा गप्प राहिला तर चादर घ्यावी लागेल. म्हणून विचारलं नाही. आणि तो "हाय" म्हणाला तेव्हा ती कसली हाय आहे हे मला कळलं होतं. सव्वादोन वर्षं आम्ही तो शब्द बोलत होतो. मला कळलं होतं.

मी उठलो. आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेतल्या आणि दाराशी गेलो. तेवढ्यात हारुन छताकडे बघत म्हणाला, "भगवान? हाय का?"

मी दारात उभा होतो. चार पावलांवर. त्याने परत विचारलं, "हाय का रे?" आणि उत्तराची वाट बघत राहिला. नियमच होता तसा, तयार नसेल त्याने गप्प राहायचं.

भाभी आतून आली. तिने मला पाहिलं, माझ्या हातातल्या चपला पाहिल्या. हारुन तिला म्हणाला, "गेला वाटतो."

"हां," भाभी माझ्याकडे बघत म्हणाली, "गेले."